शिक्का कुठे मारावा

तुमच्या टेबलावर आजपासून 'गोपनीय' असा शिक्का आला, अभिनंदन! लाकडी मूठ, खाली रबर, शेजारी लाल शाईचं पॅड. दिसायला किरकोळ, पण रणगाड्याहून कामाचा. रणगाडा शत्रूला थोपवतो, शिक्का मतदाराला. शिवाय डिझेल लागत नाही.

तो मारायचा कशावर, हे नवखे विचारतात. नियमात लिहिलंय, की ज्यात गुपित असेल त्यावर. जाणकार कागद वाचतात आणि आपल्या घशाला कोरड पडली का, एवढंच बघतात. पडली, की मारतात.

धडा घ्यायचा तर अमेरिकी हवाई दलाचा घ्या. 1948 मध्ये जॉर्जियात त्यांचं बी-29 विमान कोसळलं, नऊ माणसं गेली. तिघांच्या विधवांनी दावा लावून अपघाताचा अहवाल मागितला. सरकार म्हणालं, यात देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहवाल न बघताच ते मान्य केलं (बघितल्यावर मानायचं तर मग विश्वास कसला?) आणि तेव्हापासून हा सरकारचा हक्कच होऊन बसला. अहवाल पुढे खुला झाला, आणि 2000 साली मृतांपैकी एकाच्या मुलीला तो इंटरनेटवर सापडला. विमानातल्या गुप्त यंत्रणेचं गुपित त्यात नव्हतंच. इंजिनाला आग लागू नये म्हणून उष्णतारोधक पत्रे बसवा, असा आदेश होता. ते बसवलेच नव्हते, एवढं मात्र होतं. म्हणजे शिक्का बरोबर जागी बसला होता.

मारलेला शिक्का लवकर काढू नका. पहिल्या महायुद्धातले अदृश्य शाईच्या कृतींचे कागद सीआयएनं खुले केले ते 2011 मध्ये. शाई अदृश्य, म्हणून कागदही अदृश्य ठेवले असावेत.

एवढं करूनही एखादा जागल्या, म्हणजे आतली भानगड बाहेर सांगणारा, निघतोच. चोर दिसला की ओरडायचं हे जागल्याचं मूळ काम. आता तो ओरडला, की आधी त्यालाच धरायचं. चोराचं सावकाश बघू. कागद खरे की खोटे, या वादात पडूच नका. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच विचारत राहा. अमेरिकेत डॅनियल एल्सबर्गनं 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दलची सुमारे 7000 गुप्त पानं बाहेर काढली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं. उत्साह चांगला, हात कच्चा. ती घरफोडी उघडकीला आली आणि 1973 मध्ये एल्सबर्गवरचा खटलाच बारगळला. तुम्ही असले कष्ट घेऊ नका; चॅनेलवाले फुकट करतात.

ब्रिटिशांचं काम जास्त नीटनेटकं. क्लाइव्ह पाँटिंग या अधिकाऱ्यानं ब्रिटननं अर्जेंटिनाची बेलग्रानो युद्धनौका बुडवल्याबद्दलचे कागद दिले कुणाला? परक्या देशाला नाही, आपल्याच संसदेच्या सदस्याला! न्यायाधीशांनी ज्युरीला बजावलं, की राष्ट्रहित म्हणजे त्या वेळचं सरकार म्हणेल ते. तरी 1985 मध्ये ज्युरीनं त्याला सोडलं. सरकारनं आदळआपट केली नाही. 1989 मध्ये नवा कायदा आणला आणि त्याला तारणारी पळवाटच बुजवून टाकली.

एक बारकावा. तीच माहिती मंत्र्यानं जेवताना पत्रकाराच्या कानात सांगितली तर ती 'विश्वसनीय सूत्रांकडून' येते. कारकुनानं दिली तर 'फुटते'. सूत्रांना अटक करायची नसते.

लोक फारच ओरडू लागले तर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा करून टाका. घाबरू नका, भारताचं बघा. 2014 मध्ये तो संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. लागू कधीपासून, ती तारीख तेवढी जाहीर करायची राहिली. तारखेची चौकशी करायला तुमच्याकडे कुणी आलंच, तर बसवा, पाणी द्या, आणि आधी त्याचं नाव-पत्ता लिहून घ्या.