खांदा दुखला म्हणून केस?

‘अमेरिकेत इंजेक्शननं खांदा दुखला तरी केस ठोकतात. आपल्याकडे असली थेरं नकोत, नाहीतर लस कोण घेईल?’ मुंबईच्या माणसांशी फोनवर बोलताना हे हमखास ऐकू येतं, आणि दर वेळी चीड येते.

हा दोन दिवसांचा ठणका नव्हे. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या वरच्या डेल्टॉइड स्नायूत जायला हवी. बाही वर न सारता कॉलर खाली ओढली, किंवा टोचणारी उभी आणि घेणारा बसलेला असला, की ती वर जाते. लस सांध्यालगतच्या बर्सात (घर्षण कमी करणाऱ्या द्रवाच्या छोट्या पिशवीत) शिरते, सूज येते आणि हात महिनोन्‌महिने डोक्यावर जात नाही. अशा हातानं विरार लोकलची कडी धरून दाखवा.

मी राहतो त्या अमेरिकेत लशीच्या इजांच्या भरपाईसाठी १९८८पासून वेगळी योजना आहे. लशीच्या प्रत्येक डोसवर, त्यातल्या दर आजारामागे ७५ सेंट कर बसतो, भरपाई त्यातूनच. २०१७पासून खांद्याची ही इजा अधिकृत यादीत आहे. नर्सची चूक सिद्ध करावी लागत नाही. खांदा आधी धड होता, दुखणं ४८ तासांत त्याच खांद्यात सुरू झालं आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलं, एवढं कागदावर हवं. दावा करायची मुदत तीन वर्षं. दावा प्रामाणिक आणि सबळ असेल तर हरल्यावरही वकिलाची फी निधीतून मिळते. कोविडची लस मात्र या योजनेत नाही. तिच्यासाठी वेगळी योजना आहे, तिथे मुदत एकच वर्ष आणि वकिलाची फी स्वतःच्या खिशातून. फ्लूची लस तरीही सीव्हीएससारख्या औषधांच्या दुकानात लोक घेतातच. भरपाईच्या कायद्यानं कुणी पळालं नाही.

मुंबईत काय? ग्राहक आयोगात दोन वर्षांत जायचं आणि हलगर्जी सिद्ध करायची. पण सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा १९९५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर आहे. म्हणजे पालिकेच्या दवाखान्यात फुकट टोचून घेतलेल्याला दिवाणी कोर्टच उरतं. सर्वांच्या भल्यासाठी हात पुढे करणाऱ्याला हे उत्तर?

‘तुम्ही तिकडे बसून बोलता,’ असं ऐकवतात. झोंबतं ते. पण आमचे आईवडील दादरच्याच रांगेत उभे राहतात. त्यांना एवढंच सांगणं: कुठला हात, बॅच नंबर, तारीख लिहून घ्या. दुखलं तर महिनोन्‌महिने बाम चोळत बसू नका; आठवड्याभरात ऑर्थोपेडिककडे जा आणि ‘लशीच्या दिवसापासून’ असं केसपेपरवर लिहायला लावा. ‘काही महिन्यांपासून दुखतंय’ एवढीच नोंद असली की दावा अमेरिकेतही लंगडा पडतो.