‘थोतांड’ म्हणण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हीटरशिवाय हिवाळा काढण्यावरच्या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. वेळ रात्री दीडची दिसतेय, म्हणजे लेखाने निदान झोप तरी उडवली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: थंड घराची सवय होते हे थोतांड आहे, "शरीर काही शिकत नाही, थंडी ती थंडी". म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना असं घर घातक आहे. भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. आणि मी खोलीचं तापमान सांगितलं, पण थर्मामीटर कुठे होता ते सांगितलं नाही.

शेवटचं मान्य. बाहेरच्या भिंतीवर टांगलेला थर्मामीटर हवेपेक्षा भिंतीचाच गारठा जास्त दाखवतो. माझा आतल्या भिंतीपाशी, कमरेच्या उंचीवर असतो. हे लेखात यायला हवं होतं, तुमचे आभार.

आता थोतांड. मतभेदाला माझी ना नाही, पण "उबदार खोलीत बसून झोडलेलं प्रवचन" हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? आपली ओळख नाही, माझं घर तुम्ही पाहिलेलं नाही. शाळेत होतो तेव्हापासून मी अशाच घरांत राहत आलोय. उत्तरेकडची खोली, सकाळी काचांना आतून पाण्याचे ओघळ. जाग आली की पांघरुणातून फक्त हात बाहेर काढायचा, खुर्चीवरचा स्वेटर आत ओढून घ्यायचा, तो अंगाच्या उबेने जरा तापला की आतल्या आत चढवायचा आणि मगच उठायचं. ही युक्ती उबदार खोलीत बसून सुचत नाही. हीटर घ्यायची घरची ऐपत नव्हती, म्हणून शिकलो. तेव्हा "हौशी संन्यासी" हे बिरूद दुसऱ्या कुणाला तरी द्या.

बरं, माझा अनुभव नका धरू. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांना 10 दिवस, रोज 6 तास, 15 ते 16 अंशांत ठेवलं होतं. शेवटी शेवटी त्याच तापमानात त्यांना कमी गार वाटायला लागलं, कुडकुडणंही कमी झालं असं त्यांनीच सांगितलं. तपासणीत त्यांच्या शरीरातली तपकिरी चरबी जास्त कामाला लागलेली दिसली. ही चरबी जाळून शरीर न कुडकुडता ऊब तयार करतं. शरीर काही शिकत नाही म्हणता, मग हे काय झालं?

आणि सवय म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं, असं मी कुठे म्हटलंय? अर्धी सवय अंगाची, अर्धी बसण्या-उठण्याची. माणूस नुसता बसला तरी साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. ती निसटू द्यायची नाही, एवढाच खटाटोप. मी लिहायला बसतो तेव्हा पायांखाली जाड सतरंजीची घडी असते, मांड्यांवर गरम पाण्याची रबरी पिशवी (उकळतं पाणी घालू नका, पिशवीही खराब होते आणि कातडीही), आणि वरून रजई कमरेभोवती घट्ट खोचलेली. दोन लिटर पाणी 60 अंशांवरून 30 वर येईपर्यंत साधारण 70 वॅट-तास उष्णता देतं. खोलीत सोडली तर तिचा पत्ताही लागणार नाही. रजईच्या आत मात्र ती बराच वेळ पुरते, आणि गंमत म्हणजे तिच्यामुळे बोटं मोकळी राहतात. धड गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं. म्हणून नुसते हातमोजे घालून बसणाऱ्याची बोटं गारच राहतात आणि पोट-मांड्या शेकणाऱ्याची चालतात.

"थंडी ती थंडी" म्हणे! दाराच्या फटीतून वारा येतोय आणि पाय उघड्या फरशीवर आहेत, तेव्हाचे 14 अंश एक. फट बुजवली, खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून दोन हात सरकवली, की तेच 14 अंश वेगळे. थर्मामीटरला फरक कळत नाही आणि तुम्हालाही कळून घ्यायचा नाही, त्याला माझा इलाज नाही.

बाकीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतला किमान 18 अंशांचा आकडा तुम्ही ठळक अक्षरांत टाकलात. आकडा खरा आहे, थंडीत रक्तदाब चढतो हेही खरं. पण लेख धडधाकट माणसांसाठी होता. दर ओळीखाली इशारा छापायला मी काही औषधाची बाटली नाही. बुरशीचं म्हणाल तर ओले कपडे आत वाळत घालू नका, कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, रोज थोडा वेळ खिडक्या सताड उघडा, काचेवरचं पाणी पुसा. यावर आणखी काय लिहायचं? बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, विषारी वायूने जीव जातो, हे मी आधीच लिहिलंय. ते मात्र तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ, "स्वतःच्या आईला ठेवून दाखवा अशा घरात". यावर गप्प बसणार होतो. आईच्या खोलीत हीटर आहे. मीच बसवलाय, थंडीत तो दिवसरात्र चालू असतो, आणि तो का बसवला हेही त्याच लेखात आहे. चौथा परिच्छेद. तुम्ही तिसऱ्यावरच थांबलात का?