जगबुडीच्या आधी केवायसी करून घ्या

जग बुडणार आहे, हे तुम्हाला कळलं असेलच. कळलं नसेल तर एक तर तुमचा रिचार्ज संपलाय, नाही तर गावच्या ग्रुपमधून तुम्हाला कोणी तरी काढलंय. दोन्हींचा आधी बंदोबस्त करा. जग बुडाल्याचं वेळेवर समजलं नाही तर माणूस उगाच सकाळी उठून वावरात जातो.

घाबरून जायच्या आधी मात्र विचारून घ्या, कोणती जगबुडी? कृषी केंद्रात बियाणं घ्यायला गेलं की चाळीस पिशव्या समोर येतात आणि प्रत्येकीवर बोंडांच्या ढिगात हसणारा कास्तकार असतो. इथंही तसंच आहे. वाण पुष्कळ, हमी कोणाचीच नाही. तेव्हा कालावधी बघून निवडा.

आपल्या पुराणांचा वाण फार लांब मुदतीचा. कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि ते लागलं इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. म्हणजे अजून सव्वापाच हजारही पुरी झाली नाहीत. कल्की पांढऱ्या घोड्यावर बसून निघायला सव्वाचार लाखांच्या वर वर्षं शिल्लक आहेत. हा हिशेब पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवापुढे चुकूनही काढू नका. तो म्हणेल, "मंग एवढ्या टायमात भरून होते ना भाऊ." त्याहून मोठा प्रलय हवा असेल तर ब्रह्मदेवाचा दिवस मावळेपर्यंत थांबा. तो दिवस ४३२ कोटी वर्षांचा. संध्याकाळी सगळं पाण्याखाली, रात्रभर झोप, सकाळी उठून पुन्हा तीच मांडामांड. माझ्या मते हा प्रलय नव्हेच, हे लोडशेडिंग आहे. आणि आमचा माणूस लोडशेडिंगला भीत नसतो.

भागवताच्या बाराव्या स्कंधातली कलियुगाची लक्षणं मात्र पाठ करून ठेवा, चारचौघांत वजन पडतं. केस राखणं हेच सौंदर्य समजतील, असं त्यात आहे. फाट्यावरच्या सलूनमध्ये शनिवारी तासभर बसा, म्हणजे अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. लांबच्या पाण्याला लोक तीर्थ मानतील, असंही आहे. एप्रिल लागला की आमच्या बाया डोक्यावर दोन अन् कमरेवर एक पाण्याचा गुंड घेऊन ज्या विहिरीवर जातात, ती तीर्थाइतकीच लांब आहे आणि तिथली रांगही तीर्थासारखीच असते. फक्त तिथं पोचून पाप धुता येत नाही, तेवढं पाणी नसतं. कर आणि दुष्काळानं गांजलेले लोक पालामुळं खातील, असा श्लोकही पुढे आहे. तो ग्रामसभेत म्हणू नका, त्याला राजकारण समजतात.

तारीख न सांगणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. आमच्या फाट्यावर पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. त्यांना मी कयामतीचा दिवस विचारला. ते ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवत बुडबुडे शोधत होते. वर न पाहताच म्हणाले, "वो इल्म सिर्फ अल्लाह को है भाई." मग हदीस सांगितली, की हातात रोप असताना कयामत आली आणि लावता येत असेल, तर माणसानं ते लावून टाकावं. तेवढ्यात बुडबुडा सापडला. चाळीस रुपये घेतले, तारीख दिली नाही ती नाहीच. बायबलात मत्तयाच्या २४ व्या अध्यायातही तोच प्रकार: तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही. बुद्धविहारात गेलो तर तिथल्या गुरुजींनी बाणाचीच गोष्ट काढली. जग शाश्वत की अशाश्वत, असं मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूनं हट्टानं विचारलं. तथागत म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस 'बाण मारणारा कोणत्या जातीचा ते कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही' म्हणाला, तर त्याचं काय होईल? आमच्या तालुक्यात तो आधी तेच विचारेल, हे मी गुरुजींपाशी बोललो नाही.

एवढ्या शतकांचा अनुभव असून एकाही धर्माला धड तारीख देता येऊ नये, ही खेदाची बाब आहे. तारीख हवी तर हौशी माणूस गाठावा लागतो. अमेरिकेतला विल्यम मिलर असाच. आपल्यासारखा कास्तकारच होता गडी. बायबलातल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत राहिला आणि शेवटी त्याचे लोक २२ ऑक्टोबर १८४४ वर येऊन ठेपले. काहींनी तर वावरातलं उभं पीक काढलंच नाही. जगच राहणार नाही तर बटाटे कोणासाठी काढायचे? २३ तारखेला सूर्य उगवला. तिकडच्या इतिहासात याला 'महानिराशा' म्हणतात. आमच्याकडे याला सोयाबीनचा हंगाम म्हणतात.

विज्ञानवाल्यांची खोड वेगळी. ते तारीख देतात आणि परत घेतात. '२०२४ वायआर ४' नावाचा धोंडा २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २०२५ च्या फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांवर गेली आणि महिना संपायच्या आत जवळपास शून्यावर आली. तेवढ्या काळात आमच्या गावात दोघांनी उसनवारी परत करायचं थांबवलं होतं, त्यांची नाहक बदनामी झाली. अपोफिस नावाचा दुसरा धोंडा १३ एप्रिल २०२९ ला, शुक्रवारी, साधारण ३२,००० किलोमीटरवरून निघून जाणार आहे. डिश टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून, पण निघूनच. त्यात आता धोंड्याला वाटेत धडक मारायलाही शिकलेत. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट नावाचं यान डिमॉर्फस नावाच्या धोंड्यावर आदळवलं आणि मोठ्या धोंड्याभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासानं कमी केली. कोटभर किलोमीटरवरचा धोंडा अर्धा तास आधी येतो, आमच्या गावची बस अजून येत नाही.

धर्म आणि विज्ञान यांची गाठ घालून द्यायची असेल तर सप्ताहाचा मुहूर्त धरा. आमच्या पारावर एकदा तशी पडली होती. महाराज म्हणाले, प्रलयकाळी आभाळात सात सूर्य उगवतील, समुद्र आटतील. झेडपीचे गुरुजी उसळले. म्हणाले, सात कुठले? सूर्य एकच, पण तोच तापत जाणार. शंभरेक कोटी वर्षांत समुद्र आटायला लागतील आणि पाचशे कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध-शुक्र गिळेल आणि बहुतेक आपल्यालाही. तासभर जुंपली. आमचे आबाजी पाराच्या कडेला बसून पायातला काटा काढत होते. काटा निघाल्यावर म्हणाले, "दोघंबी एकच सांगून रायले ना बापा. तापन खूप. मंग लाइन राहीन का तवा, हे सांगा." धर्म आणि विज्ञान एकमतानं गप्प झालेले मी तेव्हा पाहिले. चंद्रपूरकडून आलेल्या पाहुण्याला तर सात सूर्यांचं काही विशेषच वाटलं नाही.

पुरावा हवा असेल तर लांब जाऊ नका, वहाण काढा. पायाखालची ही काळी माती ज्या पाषाणाची झाली, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच सुमारास मेक्सिकोत दहाएक किलोमीटरचा धोंडा पडला आणि डायनोसॉर संपले. ते निव्वळ धोंड्यानं मेले की आपल्या दख्खनच्या लाव्हानंही त्यात हात धुऊन घेतले, हा दावा शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. एवढ्या मोठ्या प्रकरणात आरोपी म्हणून आपल्या भागाचं नाव आहे, पण विदर्भाच्या अनुशेषाच्या एकाही भाषणात ते आलेलं मी ऐकलं नाही. त्या आरोपीच्या चुऱ्यात आपण पऱ्हाटी लावतो. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरांचं शेण सापडतं, दगड झालेलं. त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, तेव्हा २००५ मध्ये जगाला कळलं की डायनोसॉरांच्या काळीही गवत होतं. हे आबाजींना सांगितलं तर ते हळहळले. "एवढं शेन, अन् कोनी वावरात नाई टाकलं?"

लोणारला दोन्ही पक्षांच्या पावत्या एकाच ठिकाणी मिळतात. विष्णूनं लवणासुर मारला ती जागा म्हणून दैत्यसूदनाचं देऊळ, आणि उल्का पडून झालेला १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा म्हणून भूगर्भवाले. विवराचं वय आधी ५२,००० वर्षं सांगायचे, पुढे मोजणीची पद्धत बदलली तर ५.७ लाख निघालं. यात हसू नका, आबाजींची जन्मतारीखही मास्तरांनी टाकली तीच १ जुलै आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. आधीच कोरोना, त्यात टोळधाड येऊन गेलेली. लोकांनी आता शेवटच, असं धरलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं तपासणीत निघालं. पण गुलाबी म्हटलं की आमच्या कास्तकाराच्या पोटात गोळा येतो तो बोंडअळीनं, प्रलयानं नाही.

आता आभाळातून काही पडलंच तर करायचं काय? २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे ओळीनं गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटाचे अवशेष असावेत, असं जाणकार म्हणाले. तुमच्या वावरात असं काही पडलं तर नारळ नंतर फोडा, आधी मोबाइलवर फोटो काढा आणि पीकविम्याला कळवा. सर्व्हे नंबर दिसला पाहिजे. मात्र अर्ज भरताना 'जगबुडी' लिहू नका. गारपीट, ढगफुटी, पाणी साचणं या विम्याच्या भाषेत स्थानिक आपत्ती. अख्खं जग बुडालं तर ती स्थानिक राहत नाही आणि दावा तिथंच बाद होतो. आणि केवायसी आजच करा. सर्व्हर तसाही चालत नाही, समुद्र आटल्यावर तर गर्दी वाढेल.

उधारीचं सांगायचं राहिलं. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ-प्रयोगशाळा पडणार म्हणून आबाजींनी अंड्यावरची कोंबडी कापली, तेल-मसाला उधार आणला आणि गल्लीला जेवू घातलं. स्कायलॅब ११ तारखेला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पडली. तिथल्या एस्परन्स गावानं नासाला कचरा टाकला म्हणून ४०० डॉलर दंड लावला. इकडे १२ तारखेला सकाळी दुकानदार वही घेऊन दारात उभा. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, दुकानदार उधार देईनासा झाला तरच जग बुडतंय असं समजायचं.

माझ्या वाट्याला आलेली तारीख २१ डिसेंबर २०१२ ची. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं ५,१२५ वर्षांचं कालचक्र त्या दिवशी पुरं होत होतं, बाकी काही नाही. आपणही वर्ष संपलं की नवं पंचांग आणतोच. पण टीव्हीवर पृथ्वी रोज फुटत होती. त्या आठवड्यात आमची थ्री-फेज रात्री बाराची होती आणि गव्हाला दुसरं पाणी द्यायचं राहिलं होतं. २० च्या रात्री मी अन् आबाजी घोंगड्या पांघरून, बॅटरी घेऊन निघालो. बाराला पाच कमी असताना मोटारीच्या पेटीपाशी बसलो. थंडीनं दात वाजत होते.

"आजच हाये का ते?" आबाजींनी विचारलं.

"आजच."

"किती वाजता?"

"ते नाही सांगितलं."

"लाइनसारखंच हाये मंग."

बाराला लाइन आली. मोटार घुमली, पाइपानं दोन आचके दिले आणि पाणी दांडाला लागलं. पहिला वाफा भिजतो न भिजतो, तोच धुऱ्यापलीकडच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असा भडका उडाला की शेजारच्या पऱ्हाटीवरची बोंडं एकेक मोजता आली असती. मग सगळा काळोख. गावाकडून ओरडा ऐकू आला, कोणी तरी देवळाची घंटा बडवायला लागलं. आबाजी उठून उभे राहिले. डीपीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. चांदण्या जागच्या जागी होत्या.

"चाल," ते म्हणाले, "आता महिनाभर बोंब."

डीपी सव्विसाव्या दिवशी आला. गहू गुडघ्याएवढाच राहिला.