फोटोतून कापलेला पाम

2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सींनी ‘एफ-2’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. व्हिडिओ घरोघरी पोहोचला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. नागपूरच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो वाद अजून अधूनमधून पेटतो. माझा मावसभाऊ म्हणतो, जंगलात कॅमेऱ्यांना सरसकट बंदी करा. वहिनी स्वतः हौसेनं ताडोब्याला जाऊन फोटो काढते. तिचं म्हणणं, माणसांनी वाघ पाहिलाच नाही तर उद्या त्याच्यासाठी भांडणार कोण?

मी बोर्निओत राहते, मलेशियाच्या साबा राज्यात. इथल्या जंगलात वाघ नाही, ओरांगउटान हा झाडांवर राहणारा मोठा तांबूस वानर आहे, आणि त्याचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात. त्यामुळे हा वाद वाचताना माझ्या डोळ्यांसमोर किनाबातांगान नदी येते, आणि वाटतं की आपण सगळे जंगलाच्या फाटकाच्या आतलंच भांडण भांडतोय.

सांडाकानहून सुकाऊ गावाला जायला दोन-अडीच तास लागतात आणि त्यातला बहुतेक रस्ता तेलासाठी लावलेल्या पामच्या मळ्यांमधून जातो. एका मापाची, एका ओळीतली झाडं, क्षितिजापर्यंत. गावात पोहोचल्यावर होडीत बसायचं आणि तासा-दोन तासांत काठावरच्या उंबराच्या जातीच्या झाडावर ओरांगउटान दिसायची बऱ्यापैकी आशा धरायची. नवखे लोक खूश होतात. हेच लोक दानुम खोऱ्यासारख्या सलग, जुन्या जंगलात गेले तर दिवसभर मान वर करून फिरतात आणि पानांच्या फटीतून एखादा तांबूस ठिपका दिसला तरी नशीब समजतात. सुकाऊला तो सहज दिसतो, कारण त्याला आत जायला जागाच उरलेली नाही. 2005 मध्ये जाहीर झालेलं इथलं अभयारण्य साधारण 26,000 हेक्टरचं आहे, तेही दहा तुकड्यांत. नदीकाठी जंगलाची अरुंद पट्टी आणि तिच्या पाठीला लागून पाम. या भागात आता सुमारे 800 ओरांगउटान आहेत. सोपा फोटो मिळतो तो या चिंचोळ्या पट्टीमुळे.

गेल्या पावसाळ्याआधी एका होडीत माझ्यासोबत चार-पाच फोटोग्राफर होते. फांदीवर एक मादी, तिच्या कुशीला लोंबकळलेलं वर्ष-दीड वर्षाचं पिल्लू. नावाड्यानं इंजिन बंद केलं. आकाश पांढरं, प्राणी गडद, चेहरा काळा पडणार म्हणून सगळे एक्स्पोजर वाढवण्याच्या गडबडीत. तेवढ्यात तिनं ओठांचा चंबू केला आणि चुंबनासारखा बारीक आवाज काढला. पुन्हा एकदा. एकजण कौतुकानं म्हणाला, बघा, पापी देतेय! नावाडी काहीच न बोलता वल्ह्यानं होडी मागे घेऊ लागला. तो आवाज इशाऱ्याचा असतो. त्यानंतर ती फांद्या हलवते, मोडून खाली टाकते. इंटरनेटवर ‘गोड’ म्हणून फिरणारे असे चंबूवाले कितीतरी फोटो मुळात घाबरलेल्या किंवा चिडलेल्या जनावराचे आहेत. मादीला साधारण सात-आठ वर्षांनी एकदा पिल्लू होतं. इतकी वर्षं ते आईच्या आगेमागे राहतं. माणसाची सर्दीसुद्धा त्यांना लागते. सुमात्रात बुकिट लवांगला हातातून केळं देऊन सेल्फी काढणारे पर्यटक मी पाहिलेत, आणि तिथं बंदीच हवी असं मलाही वाटतं. इथवर मी मावसभावाच्या बाजूची आहे.

पण त्या संध्याकाळचं पुढचं ऐका. मादी पट्टीच्या मागच्या कडेला गेली आणि घरटं बांधायला लागली. जाड फांद्या आत वाकवल्या, पायांनी दाबून धरल्या, वर बारीक डहाळ्या अंथरल्या. रोज संध्याकाळी नवं अंथरूण, असा यांचा शिरस्ता. तिच्या मागे, अगदी त्याच चौकटीत, पामची रांग स्पष्ट दिसत होती. रात्री लॉजवर सगळ्यांनी एकमेकांना फोटो दाखवले. एकाही फोटोत पाम नव्हता. कापून टाकला होता. ‘मागचं खटकतं’ म्हणून.

मला राग येतो तो या कापण्याचा. जंगलात सगळे नियम पाळून आलेला माणूससुद्धा घरी जाऊन लोकांना अथांग अरण्यातला ओरांगउटान दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, चला, अजून बरंच जंगल शिल्लक आहे. 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले असा 2018 च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. जंगलतोड हे एक कारण, शिकार हे दुसरं. यातलं काहीही त्या सुंदर फोटोत येत नाही.

आणि कॅमेऱ्यानं काम कसं करावं, याचं उदाहरणही याच नदीवर आहे. ओरांगउटान पाणी टाळतो. पूर्वी छोट्या उपनद्यांवर दोन्ही काठांच्या मोठ्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असत, तो वरूनच पलीकडे जाई. लाकूडतोडीत ती झाडं गेली. ‘हुतान’ ही संस्था आणि गावकऱ्यांनी दोर आणि अग्निशमन दलाचे जुने होज बांधून झुलते पूल केले. कित्येक वर्षं कुणी म्हणे प्राणी वापरतात, कुणी म्हणे छे. 2010 मध्ये एका तरुण नराचा पूल ओलांडतानाचा फोटो मिळाला आणि वाद मिटला. त्या फोटोत कलेच्या दृष्टीनं फारसं काही नसेल. आपल्याकडे पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खाली प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल केले, तेव्हाही ‘वाघ काय पुलाखालून जाणार?’ असं विचारणारे होतेच. आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपनी वाघासह 18 जातींचे प्राणी टिपले. वहिनी, भांडायला बळ देणारे फोटो मला हे वाटतात.

आता तेलाचं. पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश भारत आहे, वर्षाला 75 ते 90 लाख टनांच्या घरात. फरसाण, बिस्किटं, साबण सगळ्यांत ते आहे. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला, त्यात रवा, साखर, चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेल होतं. ज्या घरात त्या तेलावर करंज्या तळल्या गेल्या, त्या घराला ओरांगउटानच्या नावानं बोल लावणं मला मान्य नाही. बहिष्कारानंही प्रश्न सुटत नाही. पाम हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. पाम सोडला तर तेवढ्याच तेलासाठी दुसरीकडे कितीतरी जास्त जमीन जाईल.

2024 च्या मे महिन्यात मलेशियाच्या मंत्र्यांनी पामतेल घेणाऱ्या देशांना ओरांगउटान भेट द्यायची कल्पना मांडली. त्यांनी घेतलेल्या नावांत भारतही होता. जगभरातून टीका झाली आणि ऑगस्टमध्ये ठरलं की प्राणी इथंच राहतील, तेल घेणाऱ्या कंपन्यांनी संवर्धनाला पैसे द्यावेत. मला तेव्हा बिन्नी आठवली. 2003 साली पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून ओडिशातल्या नंदनकाननला नेलेली ही मादी देशातली एकमेव ओरांगउटान म्हणून शेवटपर्यंत एकटी जगली आणि 2019 मध्ये गेली. भेट म्हणून आणखी एखादी बिन्नी आपल्याला नको.

हवंय ते वेगळं. साबाच्या 1998 च्या कायद्यानुसार तीन मीटरहून रुंद नदीच्या दोन्ही काठांना 20 मीटरचा पट्टा झाडांसाठी राखायचा आहे. किनाबातांगानवर काही ठिकाणी आजही पाम थेट पाण्याला भिडलेला दिसतो. सुकाऊच्या बायका वर्षानुवर्षं असे तुटलेले दुवे जोडायला रोपं लावताहेत, वेली काढताहेत, हत्तींनी तुडवलेली पुन्हा लावताहेत. सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणून भारतीय आयातदारांनी खरेदीच्या करारात एकच अट घालावी: ज्या मळ्याचं तेल घेतोय, त्यानं हे 20 मीटर सोडले आहेत का, ते दाखवा. शिध्यासारख्या योजनांसाठी तेल घेताना सरकारलाही हे विचारता येईल. उपग्रहाच्या चित्रावर ते मोजता येतं. आणि पुण्या-मुंबईत वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी एक विभाग न कापलेल्या फोटोंसाठी ठेवा. दोडामार्गच्या डोंगरावर रबराच्या लागवडीला टेकलेलं जंगलही त्यात येऊ द्या.