मुकादमाच्या शिव्या आणि वाडेकरांचा फॉलोऑन

गिरणगावकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तराला दोन दिवस लावले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'नेत्याने नम्र असावं' हा माझा लेख म्हणजे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, मुंबईत मऊ साहेबाला लोक गुंडाळून ठेवतात, मुकादमाने दोन शिव्या हासडल्या की तुंबलेलं गटार तासाभरात मोकळं होतं, आणि मी जन्मात कधी दहा माणसं सांभाळलेली दिसत नाहीत.

फोटोग्राफर आल्यावरच झाडू हातात धरणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय, ते शंभर टक्के मान्य. त्यावर वाद नाही.

पण नम्र म्हणजे मऊ, हे कोणी ठरवलं? आपल्या शिवाजी पार्कचे, भारताचे कॅप्टन अजित वाडेकर आठवा. 1971, किंग्स्टनची कसोटी. पहिला दिवस पावसात गेला, त्यामुळे फॉलोऑनला, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा बॅटिंगला लावायला, 200 ऐवजी 150 ची आघाडी पुरणार होती. सरदेसाईंच्या 212 मुळे आपल्या 387 झाल्या, वेस्ट इंडीज 217 वर आटोपलं. वाडेकर वेस्ट इंडीजचा कॅप्टन सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि शांतपणे सांगितलं, तुम्हाला पुन्हा बॅटिंग करायची आहे. सोबर्सला! ना आवाज चढवला, ना तोरा. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत सलीम दुराणींनी 'मला बॉल द्या' म्हणून मागून घेतला, असं सांगतात. कॅप्टनने दिला. दुराणींनी लॉइड आणि सोबर्स दोघांनाही काढलं. आपण सामना जिंकलो, पुढे मालिकाही. आता सांगा, हा माणूस मऊ होता?

राहिला मुकादम. गटार मोकळं होतं, खरं आहे. कारण ते कसं उपसायचं हे मुकादमाला स्वतःला ठाऊक असतं. घोळ होतो तो हाताखालच्याला साहेबापेक्षा जास्त दिसत असतं तिथे.

आणि दहा नाही, पण सहा माणसं मी सांभाळलीत. वाईट सांभाळलीत. लोअर परळच्या एका छापखान्यात मी रात्रपाळीचा सुपरवायझर होतो. दिवाळी अंकाचे दिवस, रात्री दोनची वेळ, सोळा पानी फॉर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालायची सोळा पानं) मशीनवर चढलेला. हेल्परने, जेमतेम एकोणीस वर्षांचं पोर, पहिल्या चांगल्या कागदाची सवयीने घडी घातली. आठानंतर बारावं पान येत होतं. त्याने घडी उलगडली, कागद परत थप्पीवर ठेवला आणि गप्प राहिला.

गप्प का? आठवड्यापूर्वी शाई फिकी येतेय म्हणाला होता, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "तुला अक्कल विचारली का कोणी?" (शाई खरंच फिकी होती.)

पाच हजार कागद दोन्ही बाजूंनी छापून झाले. सकाळी बाइंडरचा फोन आला. सगळी रद्दी. मशीनमन म्हणाला, पोराला रात्रीच कळलं होतं. मी त्याला बोलावून विचारलं, सांगितलं का नाहीस? तो माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता ना साहेब."

तोवर माझीही समजूत तुमच्यासारखीच होती, की माझा धाक आहे म्हणून पाळी नीट चालते. पाळी नीट चालत नव्हती. काय बिघडतंय ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. त्यानंतर मी एक केलं. पहिला कागद हेल्परने घडी घालून मला दाखवायचा, आणि तो 'चालेल' म्हणाल्याशिवाय मशीन पुढे जायचं नाही. मशीनमनला ते अजिबात रुचलं नाही. पहिला महिना कुरबुरीतच गेला.

एक गोष्ट मात्र लेखात लिहायचं टाळलं होतं. त्या पोराची माफी मी मागितली ती चार महिन्यांनी, चहाच्या टपरीवर, आजूबाजूला आपलं कोणी नाही हे बघून. अक्कल काढली होती मात्र सहा जणांसमोर.