बॉबकटचं श्रेय कात्रीला द्या

बायकांच्या आखूड केसांचा इतिहास म्हटलं की सगळे १९२०च्या दशकातच रमतात. त्या बायकांच्या धाडसाबद्दल आदर आहेच. लेडीज हेअरड्रेसर कापायला नकार देत, तेव्हा त्या सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे जाऊन बसल्या. त्याआधी १९०९ साली पॅरिसमध्ये केशरचनाकार अँटवान यांनी फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क हिच्यावरून सुचलेला बॉब कापला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नर्तकी आयरीन कॅसलमुळे त्याची लाट आली. मग मान उघडी ठेवणारा शिंगल, त्याहून आखूड, चापून बसवलेला ईटन क्रॉप.

पण माझ्या मते खरा बदल झाला तो १९६०च्या दशकात, लंडनमध्ये. त्याआधी केस आखूड असले तरी सलूनची गुलामी सुटली नव्हती. दर आठवड्याला धुवायचे, रोलर गुंडाळायचे, हूड ड्रायरखाली बसायचं, उलटा कंगवा फिरवून फुगवायचे आणि वर लॅकरचा, म्हणजे केस घट्ट बसवणाऱ्या स्प्रेचा, थर द्यायचा. तिथले केशरचनाकार व्हिडाल ससून यांनी आकार कापण्यातच बसवला. १९६३ साली त्यांनी फॅशन डिझायनर मेरी क्वांट आणि अभिनेत्री नॅन्सी क्वान यांचे केस असे कापले की मान झटकली तरी ते आपसूक जागेवर येत. पुढे मॉडेल ग्रेस कॉडिंग्टनवर फाइव्ह पॉइंट कट आला : दोन्ही कानांपुढे एकेक टोक, मानेवर तीन.

बॉबची सगळी मेख मानेपाशी आहे. ओल्या केसांचा मधोमध आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून चार भाग करायचे आणि मागून, सगळ्यात खालून सुरुवात करायची. पहिली पट्टी बोटभर जाडीची, बास. तीच पुढच्या सगळ्या पट्ट्यांचं माप असते, तेव्हा वरची पट्टी सोडताना खालची रेघ आरपार दिसली पाहिजे. केस मानेच्या त्वचेवर सपाट धरूनच कापायचे. बोटांत धरून वर उचलले की नकळत लेअर, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर, पडतात आणि कड विरळ दिसते.

कानावर तर हमखास चूक होते. तिथे केस ताणून कापले की वाळल्यावर कान त्यांना वर ढकलतो आणि रेघेत खाच पडते. तेवढी जागा कंगव्याने सैल धरून कापावी. कुरळे केस वाळल्यावर आखडतात, त्यांना दोन-तीन सेंटिमीटर जास्तच ठेवावे.

‘आखूड केसांना काही बघावं लागत नाही’ हे मला अजिबात पटत नाही. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतच्या वेणीत ते कळतही नाही, मानेवरची रेघ मात्र दीड महिन्यात बिघडते. ट्रिमचा खर्च आधीच धरा.

आणि सलूनमध्ये नुसता फोटो दाखवू नका. केस ओले करण्याआधी मानेवर भोवरा आहे का ते बघायला सांगा. असेल तर तिथली लांबी थोडी जास्त ठेवायला सांगा, म्हणजे वजनाने केस खाली बसतात. मधलीच लांबी ठेवली तर ते ताठ उभे राहतात, आणि मग ड्रायरचाही इलाज चालत नाही.