चावी म्हणे फक्त सरकारकडेच राहणार!

‘एनक्रिप्टेड ॲपची एक चावी कंपन्यांनी सरकारला द्यावी. ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. पण कंपन्या सरकारला जुमानत नाहीत, म्हणून तपास अडतात.’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. (एनक्रिप्टेड ॲप म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही वाचता येऊ नये म्हणून संदेश कुलूपबंद करणारं ॲप.) त्यातलं एकेक विधान तपासू.

‘दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही.’ ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एरिक्सन बनावटीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगचं, म्हणजे सरकारी आदेशावरून फोन ऐकण्याचं, सॉफ्टवेअर अपग्रेडसोबत येऊन पडलं होतं. कंपनीने ते वापरायलाही घेतलेलं नव्हतं. २००४ मध्ये घुसखोरांनी तेच गुपचूप चालू केलं आणि शंभरेक फोन ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधान कारामानलिस यांचाही फोन होता! २००५ च्या मार्चपर्यंत कुणाला पत्ता नाही. सोय सरकारसाठी, आणि बळी सरकारच.

ते साधं फोन एक्स्चेंज होतं, एनक्रिप्शन नव्हे, असं कुणी म्हणेल. मग जुनिपर घ्या. या अमेरिकी कंपनीच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रांत, ड्युअल ईसी ही एनक्रिप्शनसाठी गुप्त आकडे तयार करण्याची पद्धत होती. ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने पुढे केलेली, आणि तिच्यात चोरवाट असल्याचा संशय २००७ पासूनचा. तिच्यातला, चोरवाट कुणाच्या हाती राहणार हे ठरवणारा एक आकडा कुणीतरी परस्पर बदलून टाकला. म्हणजे चोरवाट तीच, मालक नवा. कंपनीने हे जाहीर केलं २०१५ च्या डिसेंबरात.

‘कंपन्या जुमानत नाहीत.’ काही कंपन्या तर सरकारच्याच मालकीच्या निघाल्या. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी देशोदेशी सांकेतिक यंत्रं विकायची. १९७० मध्ये अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तहेर संस्थांनी ती छुप्या रीतीने विकत घेतली. ज्यांचे संदेश या संस्थांना फोडता येतील अशी यंत्रं गिऱ्हाइकांना पैसे घेऊन दिली. या गिऱ्हाइकांत भारत होता आणि पाकिस्तानही. हे बिंग फुटलं २०२० मध्ये.

‘तपास अडतात.’ काही वेळा अडतात, हे मान्य. पण दाखला हमखास अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोचा दिला जातो. २०१५ च्या त्या हल्ल्यात १४ जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन उघडायला ॲपलने नवं सॉफ्टवेअर लिहून द्यावं, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. ॲपलने नकार दिला. आणि मार्च २०१६ मध्ये अमेरिकेची तपास संस्था एफबीआयने बाहेरच्यांची मदत घेऊन तो फोन उघडलाच. उघडता न आलेले म्हणून एफबीआय सांगत होती त्या फोनचा सुमारे ७,८०० हा आकडाही फुगवलेला निघाला. मोजणीत चूक झाली, हे तिने २०१८ मध्ये स्वतःच कबूल केलं.